सांबाची गाडी, माझं परण

सासूबाई सांगायच्या, आमचा सांबा पोटात आडवा होता. सुईणीनं पोट चोळून, सगळ्या देवांना नावानिशी हाका मारून त्याला सरळ केला. देवांनी हाक ऐकली, पण अर्धीच. सांबा सरळ बाहेर आला आणि आल्या आल्या पुन्हा आडवा झाला. आता सत्तरीला आलाय. त्यातलं निम्मं आयुष्य त्यानं कशाच्या ना कशाच्या खाली आडवं पडून काढलंय.

सांबशिव हा माझा सगळ्यांत धाकटा दीर. मी लग्न होऊन तंजावूरला या घरात आले तेव्हा तो पाच-सहा वर्षांचा असेल. त्या काळी नवऱ्याचं तोंड दिवसा बघायची सोय नव्हती, पण सांबाचे तळपाय मला रोज दिसायचे. माझ्या पहिल्या नवरात्रात सासूबाईंनी कोलु मांडला. कोलु म्हणजे लाकडी पायऱ्यांवर मांडलेल्या बाहुल्या. देव, राजे, राण्या, दुकान मांडलेले शेट्टी-शेट्टीण, सगळे नऊ दिवस दरबार भरवून बसतात, आणि गल्लीतल्या बायका येऊन गाणी म्हणतात, सुंडल म्हणजे चण्याची उसळ खातात आणि दुसऱ्यांच्या कोलुला नावं ठेवतात. पायऱ्यांपुढं मातीची बाग करायची, बागेत पत्र्याची एक मोटार ठेवायची. ती मोटार दुसऱ्याच दिवशी नाहीशी झाली. शोधत गेले तर पायऱ्यांच्या खालून दोन काळेकुट्ट तळपाय बाहेर आलेले.

"काय करतोस रे खाली?"

"वैनी, हिच्या पोटात काय आहे ते बघतोय."

दसऱ्याला मोटारीची तीनच चाकं उरली. सासूबाईंनी त्याला चांगला धोपटला. पुढच्या वर्षी तळपाय पुन्हा तिथंच.

मोठा झाल्यावर हा यंत्रांचं काहीतरी शिकेल असं वाटलं होतं. शिकला भूगोल. शाळेत मास्तर झाला, पस्तीस वर्षं पोरांना आल्प्स पर्वत शिकवला आणि स्वतः तिरुच्चीच्या पलीकडे क्वचित गेला. पण पहिली बढती मिळाल्यावर तिरुवैयारुच्या एका मृदंगवाल्याकडून त्यानं जुनी काळी गाडी विकत घेतली. ती बनवणाऱ्या कंपनीनं दुकान केव्हाच बंद केलं. सांबानं केलं नाही. दर रविवारी आंघोळ, संध्या, इडली, आणि मग गाडीखाली. त्याची बायको भामा म्हणायची, "अक्का, तुमच्या दिराशी काही बोलायचं असलं की मी चाकाशी बोलते. ऐकलं तर ठीक, नाहीतर चाक तरी उलट उत्तर देत नाही." भामाची जीभ अशी आहे की इडलीच्या पिठात बुडवली तर पीठ आंबायला रात्र लागायची नाही.

गाडी चालते का? चालते. कुठं जाते? फारशी कुठं जात नाही. महिन्यातून एकदा आम्हाला तिरुवैयारुला कावेरीच्या घाटावर नेते आणि परतताना वाटेत कुठल्यातरी नारळाच्या बागेपाशी थांबते. मग सांबा आनंदानं उतरतो, कमरेची वेष्टी वर खोचतो आणि आडवा होतो. आम्ही दोघी शहाळं पितो. एवढ्या वर्षांत त्या रस्त्यावरचं एकही झाड मला ओळखायचं राहिलेलं नाही.

तर गेल्या वर्षी आडी महिन्यात, म्हणजे तुमच्या आषाढात, काय झालं, सांबा गाडीखाली गेला आणि बाहेर आलाच नाही. कमरेत असं काही धरलं की पाय हलेना. हाक मारायला गेला तर श्वास पुरेना. भामानं बाहेरून पाय बघितले आणि नेहमीप्रमाणं काफीचा डबरा, म्हणजे पेला आणि खोलगट वाटी, पायाशी ठेवून गेली. काफी थंड झाली. तिनं दुसरी आणून ठेवली. दुपारी शेजारच्या भिंतीवरून एक कावळा आला आणि डबऱ्याशी बसला, तेव्हा कुठं तिला संशय आला. पायाशी काहीतरी ठेवलंय, माणूस आडवा आहे, आणि कावळा शिवायला आलाय! अशी किंचाळली की मी जपाची माळ टाकून धावले. चार माणसांनी मिळून सांबाला ओढून काढला. तोंडावर ऑईल, डोळे उघडे. पहिलं वाक्य काय बोलावं? "सायलेन्सर गळतोय."

डॉक्टरनं मणक्याचा फोटो काढला आणि सांगितलं, जमिनीवर आडवं पडणं कायमचं बंद.

मग वाणी आली. वाणी ही सांबाची एकुलती एक मुलगी, चेन्नैला कॉम्प्युटरच्या नोकरीत आहे. बापावर तिचा जीव आहे, म्हणून ती त्याच्यावर सतत ओरडते.

"अप्पा, तुम्ही पुन्हा खाली शिरणार. मला माहीत आहे, अम्माला माहीत आहे, त्या कावळ्यालाही माहीत आहे. तर ऐका. गाडी वर उचलणारी लिफ्ट बसवा, उभ्यानं नाहीतर बसून काय करायचं ते करा. पोंगलपर्यंत ते जमलं नाही तर गाडी मी देऊन टाकणार."

"देऊन? कोणाला?"

"भंगारवाल्याला. दुसरं कोण घेतंय?"

सांबा त्या दिवशी ताक-भात न खाताच उठला. एरवी त्याचं जेवण सासूबाईंच्या श्राद्धालाही कमी झालं नव्हतं. मला काळजी वाटली ती तेव्हा. त्याच्या वयाचे बाकीचे लोक देवळात जातात, पेपर वाचतात, एकमेकांची साखर विचारतात. सांबाला यातलं काही येत नाही. गाडी गेली असती तर तो आजारी पडला नसता, मेलाही नसता. नुसता दारापुढच्या ओट्यावर, तिण्णैवर, बसून राहिला असता, आणि घरात बसून राहिलेल्या पुरुषापेक्षा मेलेला बरा, त्याचा निदान फोटो होतो.

आता अडचण होती ती जागेची. गाडी राहते आमच्या घराच्या बाजूच्या खोलीत. तिथं आधी बैलगाडी असायची, मग गाय, मग ही. खोली लांब-रुंद आहे, पण ठेंगणी. वर कौलं आहेत, आणि कौलांच्या खाली, डोक्यावर नऊ फुटांवर, आडवं लाकडी परण घातलेलं. तुम्ही त्याला माळा म्हणाल. त्या परणावर वर्षाचे साडेअकरा महिने कोलुच्या बाहुल्या झोपतात. म्हणजे ते परण माझं.

सांबा एका सकाळी माझ्यासमोर येऊन बसला. हात चोळायला लागला. मी वाल सोलत होते.

"वैनी, परण काढलं तर वर कौलांपर्यंत पुष्कळ जागा होईल."

"होईल."

"मग काढू?"

"माझ्या सासूच्या बाहुल्या आहेत. त्यांना काय तिण्णैवर निजवू? मी गेले की काढ. माझ्याच चितेवर घाल, लाकूड चांगलं आहे, सागवान."

सांबा जरा विचारात पडला. "तुम्ही कधी जाणार ते अंदाजे कळलं, तर लिफ्टची ऑर्डर त्या बेतानं देतो."

"पोंगलपर्यंत काही जमेलसं दिसत नाही."

"मग राहू दे," म्हणाला आणि माझ्यापुढचे वाल सोलायला लागला.

त्यानंतर दोन महिने घरात दुसरा विषय नव्हता. फोनवर लिफ्टची चित्रं, जेवताना लिफ्ट, देवाला फूल वाहताना लिफ्ट. कोइमतूरला लिफ्ट विकणारा हरिप्रसाद नावाचा एक माणूस होता, गोड आवाजाचा, त्याला सांबा रोज फोन करायचा. मला शाळा तिसरीपर्यंतची, पण आज मी तुम्हाला लिफ्टच्या जाती सांगू शकते.

पहिली दोन खांबांची. मोठ्या गॅरेजात असते ती. गाडी माणसाच्या डोक्यावर जाते आणि मेकॅनिक खाली ताठ उभा राहतो. तिला बारा फूट उंची लागते. आमच्याकडे नऊ. नंतर एक चार खांबांची निघाली, एका गाडीच्या डोक्यावर दुसरी गाडी ठेवायला. भामा म्हणाली, "एका सवतीनं माझा जीव काढलाय, तिच्या डोक्यावर आणखी एक बसवा."

मग सांबा म्हणाला, लिफ्ट नकोच, खाली खड्डा खणू, गाडी वर आणि मी खड्ड्यात उभा. मी नुसतं त्याच्याकडे बघितलं. हा प्रयोग त्यानं पूर्वी केलेला होता. आमच्या गावात कमरेइतकं खणलं की कावेरी वर येऊन विचारते, काय हवंय? ऐप्पसीच्या, म्हणजे दिवाळीच्या सुमाराच्या, पावसात त्या खड्ड्यात बेडकांनी असं गाणं धरलं होतं की आमचे यजमान म्हणाले, तिरुवैयारुचा गाण्याचा उत्सव घरातच आलाय, पास तेवढे छापा. खड्डा बुजवला.

मग सापडली ती कलंडणारी लिफ्ट. तिला उंची कमी लागते, रुंदी लागते. ती गाडीला एका बाजूनं उचलते आणि कुशीवर निजवते. पोट सगळं समोर येतं. सांबानं फोन आमच्यापुढं धरला. त्यात एक लाल गाडी एका अंगावर कलली होती.

भामानं हात जोडले. "हा तर श्रीरंगमचा रंगनाथ!"

"चेष्टा नको," सांबा म्हणाला. "विचार कर."

"करते ना. आपण शंकराचे लोक. गोठ्यात विष्णू निजवायचा तर निजवा, पण त्याच्या पायाशी लक्ष्मी होऊन मी बसायची नाही. आधीच सांगते."

रंगनाथ बारगळला तो भामामुळं नाही. गाडी कलंडवायची तर दर वेळी बॅटरी काढायची, नाहीतर आतलं पाणी सांडणार, आणि आमच्या गाडीतून तर सरळ उभी असतानाच सगळं सांडतं.

शेवटी ठरली कात्रीची लिफ्ट. कात्री उघडावी तशी जमिनीलगत उघडते आणि गाडी छातीपर्यंत उचलते, त्याहून वर नाही. उभं राहता येत नाही, पण स्टुलावर बसून काम होतं. त्यातही एक मेख होती. कात्री मधोमध येते, मग गिअरबॉक्सला हात लागत नाही. म्हणून सांबानं दोन तुकड्यांची कात्री निवडली, एक डावीकडून, एक उजवीकडून, मधली जागा मोकळी. गाडीच्या उंचीत लिफ्टची उंची मिळवली, वर चार बोटं जागा उरली. गाडी वर असताना बॉनेट उघडायचं नाही, नाहीतर ते परणाला लागेल, हेही त्याच्या ध्यानात आलं. एवढा हुशार.

माप घेतलं ते नवरात्रात. दुसऱ्या दिवशी आयुधपूजा होती. त्या दिवशी घरातली सगळी हत्यारं पूजेला बसतात, पाने, हातोडी, माझी विळी, सगळी. एकदा गंध लागलं की दसऱ्याची पूजा होईपर्यंत त्यांना हात लावायचा नाही. टेपही पूजेत बसणार, म्हणून सांबानं आदल्याच दिवशी शिडीवर चढून माप घेतलं. वाणीनं शिडी धरली होती. हॉलमध्ये माझा कोलु मांडलेला, बायका गात होत्या. सांबा येऊन म्हणाला, "वैनी, बसते. तुमचं परणही राहतं आणि माझी गाडीही." मी त्याला दोन मुठी सुंडल जास्त दिलं.

दसरा झाला. मी बाहुल्या एका रात्रीपुरत्या आडव्या करून झोपवल्या, मग जुन्या वेष्टीत गुंडाळून परणावर चढवल्या. मांडणीत दर वर्षी एक तरी नवी बाहुली हवी, तशी रीतच आहे. मी गजेंद्रमोक्ष घेतला होता. हत्ती चांगला होता. उचलायला दोन माणसं लागली.

कार्तिकात लिफ्ट आली. खालची जमीन खणून तेवढंच काँक्रीट आधीच घातलं होतं, माप हलू नये म्हणून. हरिप्रसाद स्वतः आला, फोनवरच्या आवाजापेक्षा पुष्कळ जाडा. वाणी रजा काढून आली. सांबानं नवी वेष्टी नेसली, लिफ्टला गंध-कुंकू लावलं, नारळ फोडला, गाडीच्या चाकांखाली लिंबं ठेवून चिरडली आणि गाडी लिफ्टवर घेतली. मी दारात खुर्ची टाकून बसले होते.

सांबानं बटण दाबलं. लिफ्ट गुरगुरली आणि गाडी वर निघाली. काय दिसत होती! देवळातून उत्सवमूर्ती निघावी तशी. सांबाचं तोंड मी साठ वर्षांत असं बघितलं नव्हतं, लग्नातसुद्धा नाही. भामा म्हणाली, "बघा अक्का, माझ्याकडं बघून कधी एवढे दात दाखवलेत का?"

आणि कर्रर्र.

गाडीचा टप परणाला टेकला होता. सांबानं बटण सोडेपर्यंत एका कोपऱ्यातला जुना खुंट भिंतीतून निसटला आणि परणाची मधली फळी धप्पकन गाडीवर बसली. वर काहीतरी गडगडलं. आमच्या मान डोलावणाऱ्या बाहुल्या तुम्हाला ठाऊक असतील, या गावच्याच. त्यातले राजा-राणी मोठे आहेत, वेष्टीत मावत नाहीत, म्हणून ते परणाच्या कडेला तसेच बसतात. दोघंही खाली सांबाकडं बघत मान हलवायला लागले. हो, हो, हो, हो.

"कोणी बटण दाबू नका," हरिप्रसाद तमिळमध्ये ओरडला. "गाडी खाली घेतली तर सगळं खाली येईल. आत्ता परण गाडीवर उभं आहे!"

"गोवर्धन उचलला म्हणायचा," भामा म्हणाली.

मग काय, बाहुल्या उतरवायच्या. हरिप्रसाद शिडीवर चढला. कोइमतूरहून लिफ्ट विकायला आलेला माणूस, अख्खी दुपार माझे कृष्ण, राम आणि शेट्टी-शेट्टीण खाली देत होता. वाणी झेलत होती, भामा हॉलमध्ये नेऊन ठेवत होती. मी खुर्चीतून सांगत होते, "हळू रे, ती मीनाक्षी आहे. तिचं आत्ताच लग्न झालंय." हत्तीपाशी हरिप्रसाद जरा वेळ थांबला. मला आजी या अर्थानं पाटी म्हणायचा. म्हणाला, "पाटी, हा यंदाचा का?" मी म्हटलं, यंदाचाच. त्यानं घाम पुसला.

समोरच्या मामी दारातून जाता जाता थबकल्या. हॉलमध्ये सगळे देव बसलेले दिसले. "काय हो, पुन्हा नवरात्र? आणि मला तांबुलाला बोलावलं नाही?" त्यांना लाडू देऊन घालवलं.

शेवटची बाहुली निघाली, आणि परणाची फळी कोणी हात न लावता गाडीच्या टपावरून वर उठली. चांगली चार-पाच बोटं. हरिप्रसादनं बघितलं, टेप लावली, पुन्हा बघितलं.

"सर, माप कधी घेतलं होतं?"

"नवरात्रात," सांबा म्हणाला.

"तेव्हा या बाहुल्या कुठं होत्या?"

सांबानं हॉलकडे बघितलं. मग परणाकडे. मग हत्तीकडे.

भामा म्हणाली, "भूगोलाचे मास्तर. हिमालय किती उंच ते तोंडपाठ. परण वजनानं वाकतं ते धड्यात नव्हतं."

हरिप्रसादनं सावकाश गाडी खाली घेतली. टपावर मोठा पोचा पडला होता. वाणी बापाजवळ जाऊन उभी राहिली. ओरडली नाही, तेव्हाच मला वाईट वाटलं. म्हणाली, "अप्पा, पुरे आता. कोणी खाली असतं तर? लिफ्ट परत पाठवू. गाडीचं मी बघते."

सांबा खांद्यावरच्या पंच्यानं टपावरचा पोचा पुसत होता, पुसल्यानं जाईल असा. म्हणाला, "बरं."

हा माणूस मीठ कमी आहे म्हटलं तरी वाद घालतो. सूर्य पूर्वेला का उगवतो यावर त्यानं एकदा भटजींशी तासभर भांडण केलं होतं. त्या सांबानं एका शब्दात गाडी देऊन टाकली. भामानं पंच्याचं टोक त्याच्या हातातून घेतलं आणि पुसायला लागली, तीही त्याच जागी.

मी खुर्चीतूनच म्हटलं, "हरिप्रसाद, परण काढायला किती वेळ लागेल?"

"एक खुंट सुटलाच आहे, पाटी. उद्यापर्यंत होईल."

वाणी वळली. तिची मी पेरियम्मा, म्हणजे मोठी आई. "पेरियम्मा! तुम्हीच म्हणाला होता ना, मेले तरच?"

"म्हणाले होते. तेव्हा त्या वर होत्या. आता आयत्या खाली आल्यात, पुन्हा चढवणार कोण? तू? हत्ती उचलून बघ."

"मग ठेवणार कुठं?"

"मोठ्या अप्पांच्या कपाटात," म्हटलं, म्हणजे आमच्या यजमानांच्या. "ते गेल्यापासून त्यांचे कोट आत लटकतायत. कोणाला होत नाहीत, आणि ते काही घ्यायला येत नाहीत."

वाणीनं बापाकडं बघितलं, मग माझ्याकडं. म्हणाली, "आणि हरिप्रसाद सर पुन्हा माप घेतील. अप्पा नाही."

"अप्पा नाही," सांबा लगेच म्हणाला. तोंडावर पुन्हा ते दात.

परण निघालं. आता गाडी छातीपर्यंत जाते, वर बॉनेट उघडलं तरी कुठं लागत नाही. सांबा रविवारी इडली खातो आणि गाडीखाली जाऊन बसतो. आडवा नाही, सरळ. परणाच्या फळीतून त्यानं स्वतःला एक स्टूल करून घेतलंय आणि आत पंक्तीला बसल्यासारखा बसतो. भामा काफी थेट हातात देते आणि जाताना सांगते, "तोंड दिसतं हीच पंचाईत झालीय."

कपाटात बाहुल्या लावताना ती पत्र्याची मोटार सापडली. तीन चाकांची. मी ती घेऊन गोठ्यात गेले. सांबा स्टुलावर होता. उरलेल्या सागवानी फळ्या भिंतीशी नीट रचून ठेवल्या होत्या, वर प्लास्टिकसुद्धा घातलेलं.

"या कशाला ठेवल्यास?"

"तुमच्यासाठी, वैनी. तुम्हीच म्हणाला होता. लाकूड चांगलं आहे."

"मला घाई नाही. आधी हिचं चौथं चाक शोधून दे."

त्यानं मोटार हातात घेतली, उलटी केली, पोटात बघितलं.

"ते मिळायचं नाही."

"का?"

"मी गिळलं होतं. अम्मा मारेल म्हणून तेव्हा सांगितलं नाही."

डॉक्टरनं काढलेला मणक्याचा फोटो वाणीकडं असेल. पुढच्या खेपेला आली की मागून घेते आणि उजेडात धरून बघते.